फिरणाऱ्या चकतीचं टूल: आठ महिने वापरून लिहितोय

कडक केलेलं लोखंड लेथवर कातायचं हे टूल. आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही आणि डीलरचं पण नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला अजून त्याच माणसाकडून बेअरिंग किट घ्यायचंय. ज्यांना हे टूल माहितीय ते वाचता वाचता ओळखतीलच. ज्यांना माहिती नाही त्यांनी आधी आपला जॉब, म्हणजे मशीनवर लावायचा नग, बघावा, नाव मग शोधता येईल.

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. दोन सीएनसी, एक पप्पांच्या काळातली सेंटर लेथ, एक मिलिंग, एवढाच पसारा. दोन वर्षांपासून एक काम रेग्युलर येतंय, रोलर. मटेरियल ईएन-१९ स्टील, इंडक्शन हार्डन (विजेने तापवून कडक) करून ५४-५६ एचआरसी (कडकपणाचं माप), फेसचा व्यास १२० मिलिमीटर, लांबी ९००, दोन्ही बाजूला बारीक जर्नल, म्हणजे बेअरिंगमधे बसणारी टोकं. ड्रॉइंगवर एच-सिक्स, म्हणजे १२० ला २२ मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा), आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्यासात फरक १० मायक्रॉनच्या आत. आधी आम्ही हे हार्डनिंगनंतर ग्राइंडिंगला (दगडी चाकाने घासून साईजला आणायला) बाहेर द्यायचो. ग्राइंडिंगवाला चांगला माणूस आहे पण त्याच्याकडे रांग, चार दिवस म्हणला की सहा समजायचे, त्यात टेम्पो, त्यात एकदा रोलर उतरवताना ठोकला, मग पुन्हा भांडण. म्हणून म्हणलं आपल्याच मशीनवर हार्ड टर्निंग करू, म्हणजे कडक झालेलाच नग कातू, सीबीएन इन्सर्ट (हिऱ्याच्या खालोखाल कडक, बदलता येणारा कापायचा तुकडा) लावू आणि विषय संपवू.

विषय संपला नाही. छोट्या जॉबवर सीबीएन मस्त चालतं, ईएन-३१ चे बुश आम्ही ६० एचआरसीला रोज मारतो, काही त्रास नाही. पण ९०० लांबीवर हिशेब बदलतो. बघा, मिनिटाला १४० मीटर स्पीड धरला तर १२० व्यासाला ३७० आरपीएम येतात, फिनिशसाठी फीड (एका फेरीत टूल सरकतं ते अंतर) ०.१, म्हणजे मिनिटाला ३७ मिलिमीटर, एक पास चोवीस मिनिटांचा. तेवढ्यात टूल जॉबवरून जवळजवळ ३.४ किलोमीटर चाललेलं असतं, तेही ५५ एचआरसीवरून अनवाणी, आणि सगळा भार इन्सर्टच्या कोपऱ्याच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. तो कोपरा झिजणारच की. झिजला की टूलचं टोक मागे सरकतं आणि व्यास वाढत जातो. फ्लँकवर (धारेखालच्या बाजूवर) ०.१ ची झीज आली की ६ डिग्री क्लिअरन्सला (ती बाजू जॉबपासून जेवढी तिरकी सोडलेली असते त्याला) टोक साधारण १० मायक्रॉन मागे, व्यासावर २० मायक्रॉन. म्हणजे टेलस्टॉककडून (टेकू दिलेल्या टोकाकडून) सुरू केलेला रोलर चकपाशी (मशीन जॉब पकडतं तिथे) पोचेस्तोवर २० मायक्रॉन जाड झाला. एच-सिक्सचे २२ त्यातच गेले आणि दोन टोकांतल्या १० चं तर नावच काढायला नको. पासच्या मधे थांबून कोपरा बदलता येत नाही, रेघ पडते. प्रोग्रॅममधे उलटा टेपर (उतार) द्यायला लागलो, पण झीज दर रोलरला वेगळी, कारण हार्डनिंग सगळीकडे सारखं नसतं. दर फिनिश पासला नवीन कोपरा लावायचो, दोन कोपऱ्यांचा इन्सर्ट आम्हाला साडेतीन हजाराच्या आसपास पडतो, तरी दहातले दोन-तीन रोलर ग्राइंडिंगवाल्याकडे परत जायचेच. तो हसायचा.

अशात डीलरचा सेल्सवाला हे टूल घेऊन आला. रोटरी टूल. नेहमीच्या इन्सर्टसारखं हे घट्ट आवळलेलं नसतं, होल्डरच्या तोंडाला एक २७ मिलिमीटर व्यासाची गोल चकती असते आणि ती बेअरिंगवर मोकळी फिरते. मोटर नाही, बेल्ट नाही, काही नाही. चकती तिरकी बसवलेली असते, जॉब तिच्या धारेवर घासून गेला की चकती आपोआप फिरायला लागते.

घरी आईला सांगत होतो काय आणलंय ते, तर ती म्हणली अरे म्हणजे करंजीचं कातणं. आणि खरंच तेच आहे. कातण्याचं चाक पिठावरून सरळ ढकललं तर नुसतं फिरतं, थोडं तिरकं धरून ढकललं तर फिरतंही आणि घसटून कापतंही. इथे फक्त पिठाच्या जागी ५५ एचआरसीचं लोखंड आहे. आपल्या धंद्याला कातकाम म्हणतात आणि एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आईला एका मिनिटात आलं.

कल्पना नवीन अजिबात नाही. अमेरिकेत मिल्टन शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ सालीच फिरणाऱ्या टूलवर पेपर लिहिलाय, त्यानंतर जगभरात यावर संशोधन होत राहिलं. मोटरने फिरवायचा पण प्रकार आहे, मिल-टर्न मशीनच्या मिलिंग स्पिंडलला गोल टूल लावून ते फिरवत टर्निंग करायचं, पण तसलं मशीन आपल्या गल्लीत कोणाकडे नाही. आपल्यासाठी हा बिनमोटरचा.

फायदा कुठून येतो ते नीट समजून घ्या कारण सेल्सवाला ते सांगत नाही, तो नुसतं फास्ट फास्ट करतो. चकतीचा तिरकेपणा २० डिग्री धरला आणि जॉबचा स्पीड १४० मीटर, तर चकतीची धार हिशेबाने मिनिटाला ४८ मीटरच्या आसपास फिरते, बेअरिंगच्या घर्षणात थोडं कमी. चकतीचा घेर ८५ मिलिमीटर, म्हणजे साडेपाचशेच्या वर आरपीएम. ०.१५ मिलिमीटर खोल कटला धार साधारण दोन मिलिमीटर जॉबला लागलेली असते. म्हणजे धारेचा कुठलाही एक ठिपका एका फेरीत चाळीसातला एक हिस्सा काम करतो आणि बाकीचा वेळ हवेत थंड होत फिरतो. एक फेरी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. ठिपका गरम व्हायच्या आत बाहेर येतो. म्हणून याला सीबीएन लागत नाही, कोटिंगवाली कार्बाइडची चकती ५५ एचआरसीला चालते, जी घट्ट आवळून याच स्पीडला चालवली असती तर बघता बघता संपली असती. आणि जी काय झीज होते ती सगळ्या घेरावर वाटली जाते.

दुसरं म्हणजे फिनिश. टर्निंगची दातेरी उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या, हे डिप्लोमाला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि कोणी वापरत नाही. ०.८ चा कोपरा आणि ०.१ फीड, उत्तर दीड मायक्रॉन. साडेतेराची त्रिज्या आणि ०.३ फीड, उत्तर ०.८ मायक्रॉन. फीड तिप्पट आणि दाते निम्मे. चोवीस मिनिटांचा पास आठ मिनिटांवर आला तो यातून. आणि कापायची लांबी ३.४ किलोमीटरवरून १.१ वर.

डेमोचा दिवस मात्र एक नंबर नाटक. सेल्सवाला आणि त्याचा अॅप्लिकेशन इंजिनियर आले, येताना स्वतःचाच बार घेऊन आले, १०० व्यास, ३०० लांब, सरळसोट, ना स्टेप ना चावीगाळा. मारला आमच्या मशीनवर, चकाचक, तोंड दिसेल असा. आमचे ऑपरेटर मामा, वय साठीच्या आसपास, पप्पांच्या वेळेपासून आहेत, ते काहीच बोलले नाहीत. इंजिनियर गेल्यावर म्हणले, "शेठ, लग्नाला येताना स्वतःचा नवरदेव घेऊन आलेत हे." मी म्हणलं मामा तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. आणि ऑर्डर दिली. होल्डर आणि पाच चकत्या मिळून लाखाच्या थोडं आत गेलं. मामांचं ऐकून आपला रोलर डेमोला लावला असता तरी घेतलंच असतं, हे पण खरं, पण निदान पुढचे चाचपडण्यातले दोन महिने वाचले असते.

पहिला आठवडा काही केल्या जमेना. या टूलला सेंटर हाईट (जॉबच्या मध्यरेषेच्या हिशेबाने टूलची उंची) प्रकरण फार नाजूक आहे. साध्या टूलला जरा वरखाली चालून जातं, इथे चकती तिरकी असल्यामुळे हाईट बदलली की धारेचा लागणारा भाग बदलतो, मग कधी चकती फिरतच नाही, नुसती घासते, आणि घासली की पाच सेकंदात त्या जागी सपाट डाग पडतो, चकती गेली कामातून. दोन चकत्या अशाच घालवल्या. फिरतेय की नाही हे डोळ्याला कळत नाही. मामांनी उपाय काढला, चकतीच्या तोंडावर पांढऱ्या मार्करने एक रेघ मारली आणि मला मोबाईलवर स्लो मोशन काढायला लावलं. रेघ गोल गोल जाताना दिसली तेव्हा दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसत होतो. तेव्हापासून प्रत्येक नवीन सेटिंगला रेघ मारायची हा नियमच केलाय. मॅन्युअलमधे हे नाही. मॅन्युअल बारा पानांचं आहे, त्यातली चार पानं सेफ्टीची.

अजून एक, टूल जॉबला लागेपर्यंत चकती उभीच असते, फिरायला लागते लागल्यावर. त्यामुळे एकदम खसकन आत घुसवायचं नाही. आम्ही रोलरला हार्डनिंगच्या आधीच एक बाय पंचेचाळीसचा चॅम्फर (कडेला उतार) मारून ठेवतो आणि पहिले तीन मिलिमीटर फीड ०.१ ठेवतो, चकतीला वेग घेऊ देतो, मग ०.३. एवढं केल्यावर धारेचे टवके उडायचे बंद झाले.

आता रिझल्ट. पहिला धडाचा रोलर निघाला त्या दिवशी मामांनी तीन जागी मायक्रोमीटर लावला, टेलस्टॉककडे, मधे, चकपाशी, आणि फरक आला १२ मायक्रॉन. माझं तोंड उतरलं. मामा म्हणले गरम आहे, हात लावा. खरंच शेवटचा भाग कोमट होता. लोखंड १२० व्यासाला दहा डिग्रीला जवळजवळ १४ मायक्रॉन फुगतं, हे माहिती असतं पण घाईत आठवत नाही. झाकून ठेवला, चहा घेऊन आलो, त्याच दिवशी लाईट पण गेली होती तासभर, मग मोजला, फरक ५ मायक्रॉन. नऊशे मिलिमीटरवर पाच. मी परत परत मोजत होतो. सीबीएनने जे खात्रीने कधी जमलं नव्हतं ते झालं. आणि हे महत्त्वाचं, सोळा मिनिटं वाचली हा बोनस, खरी कमाई ही की साईज सरकत नाही. पहिला रोलर आणि अकरावा रोलर एकाच ऑफसेटवर (टूलची सेटिंग न हलवता) दोन-तीन मायक्रॉनच्या आत. एका चकतीवर आम्हाला बारा ते चौदा रोलर मिळतात, चकती साधारण १८०० ला. सीबीएनच्या एका कोपऱ्याला तेवढेच जायचे आणि रोलर एक. रफनेस टेस्टरला आरए (सरासरी खडबडीतपणा, मायक्रॉनमधे) ०.३५ च्या आसपास, ड्रॉइंगला ०.८ पाहिजे.

चिपसुद्धा वेगळी आहे. सीबीएनने हार्ड मारताना केशरी तापलेली चिप निघते, थंड झाली की तारेच्या घासणीसारखी कडकड मोडते. इथे निघते ती रुंद, कागदासारखी पातळ, जिलबीसारखी एका बाजूला वळत जाते आणि रंग निळसर. आम्ही कोरडंच चालवतो, फक्त हवेचा पाईप चिपच्या दिशेने.

इथवर वाचून ऑर्डर द्यायला निघाला असाल तर थांबा जरा.

नवीन टूल हातात आलं की सगळीकडे तेच लावावंसं वाटतं. मी एक शाफ्ट लावला, ४० व्यास, ६०० लांब, तोही हार्डन. सुरुवात केल्यावर पाव मिनिटात मशीन किंचाळायला लागलं, शेजारच्या गाळ्यातला माणूस बघायला आला. गोल मोठी चकती म्हणजे धारेचा लागणारा भाग चौपट, आणि सगळा जोर जॉबला बाजूला ढकलण्यात जातो. १२० चा रोलर तो सहन करतो, ४० चा शाफ्ट धनुष्य होतो. कट कमी केला तर चकती फिरेना, वाढवला तर किंचाळणं. शाफ्टवर अशी नक्षी उमटली की साडीच्या काठाला शोभली असती. लांबी व्यासाच्या आठपटीच्या पुढे असेल तर या टूलच्या नादी लागू नका, हा माझा अनुभव. मशीन पण धडधाकट पाहिजे. आमचं बॉक्स वेचं (जाड, भक्कम सरकपट्ट्यांचं) आहे म्हणून निभावलं, दुसऱ्या हलक्या लिनिअर गाईडवेच्या मशीनवर रोलरलासुद्धा चॅटर (थरथर) आला.

शोल्डर, म्हणजे पायरीचा कोपरा, विसरा. २७ ची चकती कोपऱ्यात जाणार कशी. आमच्या रोलरला दोन्हीकडे जर्नल बारीक आहेत, टूल एका बाजूने मोकळं आत येतं आणि दुसऱ्या बाजूने मोकळं बाहेर पडतं, म्हणून जमतं. स्टेप शाफ्ट, अंडरकट, ग्रूव्ह, थ्रेड रिलीफ, यातलं काहीही असेल तर शेवटी साधं टूल लागणारच. डेमोच्या बारला एकही स्टेप का नव्हती ते आता कळलं.

सगळ्यात महागात पडलेली गोष्ट ऑइल सीलची. दुसऱ्या एका पार्टीचा जॉब होता, जाड हब, त्याच्या बाहेरच्या व्यासावर ऑइल सील बसते. फिनिश ०.३५ येतेय, साईज बरोबर, म्हणून आम्ही ग्राइंडिंग न करता फिरत्या टूलने मारून वीस नग पाठवून दिले. आठ दिवसांनी फोन, सगळे गळतायत. मी म्हणलं सील खराब असेल. ते म्हणले सील नवीन आहे. मग त्यांचा क्वालिटीवाला स्वतः आला, फार सज्जन माणूस, आरडाओरडा काही नाही, हब लेथवर आडवा धरायला लावला, तेलाचा हात फिरवला, शिलाईचा दोरा त्यावर टाकून खाली एक छोटा नट बांधला आणि मशीन एकदम हळू फिरवायला सांगितलं. दोरा सरकत सरकत चकच्या दिशेने निघाला. मशीन उलटं फिरवलं तर दोरा उलटा चालायला लागला. तो म्हणला, "बघा साहेब, तुम्ही जॉबला आटे पाडलेत, डोळ्याला दिसत नाहीत एवढंच." म्हणजे काय तर टर्निंगमधे टूल फीडने सरकत जातं, पृष्ठभागावर अगदी बारीक का होईना पण स्क्रूसारखी वळणं राहतात, आणि शाफ्ट फिरला की ती वळणं सीलखालून तेल बाहेर ओढतात. याला लीड म्हणतात. प्लंज ग्राइंडिंगला चाक आडवं सरकत नाही म्हणून ही वळणं पडत नाहीत. चकती फिरो नाहीतर न फिरो, फीड आहे तिथे वळण आहे, आणि आमचं तर फीड ०.३. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, लीड चालणार नाही. मी वाचलं नव्हतं. वीसच्या वीस नग ग्राइंडिंगवाल्याकडे. तो या वेळी हसला नाही, बिल मात्र लावलं.

यात टूलचा दोष नाही, माझा आहे. पण अॅप्लिकेशन इंजिनियरला मी ऑर्डरच्या आधी विचारलं होतं की ग्राइंडिंग पूर्ण बंद करता येईल का, तर हो म्हणला होता. तेवढा राग आहे.

बेअरिंगची गोष्ट पाचव्या महिन्यातली. रोलरवर एकदम तिरके पट्टे दिसायला लागले, रोलर ट्यूबलाईटखाली धरला की केशकर्तनालयाच्या बाहेर फिरणारा तो लाल-पांढरा खांब असतो ना, तसे. गंमत म्हणजे रफनेस टेस्टर ०.४ दाखवत होता, म्हणजे पास. टेस्टरचा कटऑफ ०.८ चा, त्यापेक्षा रुंद लाटा तो गाळून टाकतो, त्यामुळे मशीन म्हणतंय चांगलं आणि डोळा म्हणतोय वाईट. पार्टीने डोळ्याचं ऐकलं, दोन रोलर परत. चकतीला डायल गेज लावला तर रनआऊट (फिरताना डुलणं) २५ मायक्रॉन, नवीन होतं तेव्हा ५ च्या आत. रोलर एक फेरी घेतो तोवर चकती साधारण दीड फेरी घेते, चकती डुलत असेल तर ते डुलणं रोलरवर छापलं जातं, प्रत्येक फेरीत थोडं पुढे सरकून, म्हणून तिरका पट्टा.

बेअरिंग कशाने गेलं तर निम्मी चूक आमची. शिफ्ट संपली की पोरं एअर गनने सगळं साफ करतात, होल्डरच्या सीलवर सरळ हवा मारायचे, बारीक चिपची पूड आत. मामांनी एकदा टोकलं होतं. पण डीलर विकताना मेंटेनन्स फ्री म्हणला होता, हा त्याचाच शब्द, आणि एअर गन मारू नका हे त्या बारा पानांत कुठेही नाही. किट मागवलं तर म्हणे बाहेरून येतं, पंधरा दिवस. आलं पाच आठवड्यांनी. दर सोमवारी फोन करायचो, दर सोमवारी कस्टममधे. त्यातला एक सोमवार तर असा की सेल्सवाला म्हणला सर गुरुवारी नक्की पाठवतो, मी म्हणलं अहो गुरुवारी भोसरी बंद असते, पाच वर्षं इथे येताय तुम्ही. त्या पाच आठवड्यांत आम्ही परत सीबीएनवर. विकल्यानंतरच्या सर्विसला दोन स्टारच्या वर देववत नाही. किट बसवायला मात्र त्यांचा फिटर आला आणि त्याने काम मन लावून केलं, प्रीलोड (बेअरिंगला आधीच द्यायचा ताण) कसा द्यायचा ते मामांना हातात देऊन शिकवलं, फुकट. त्याला पाच स्टार.

त्या पाच आठवड्यांत एक शहाणपण सुचलं ते पण सांगतो. वायपर कोपऱ्याचा सीबीएन इन्सर्ट मागवला. त्याच्या कोपऱ्याला लागून थोडी सपाट धार असते, ती दाते पुसून काढते, त्यामुळे ०.२ फीडला ०.१ सारखा फिनिश. पास बारा मिनिटांचा, अंतर १.७ किलोमीटर, व्यासातला फरक २० वरून ९-१० वर. म्हणजे काठावर पास. हे आधी केलं असतं तर कदाचित हे टूल घेतलंच नसतं. तुमची लांबी तीनशे-चारशेच्या आत असेल तर आधी वायपर लावून बघा, साडेतीन-चार हजारात उत्तर मिळतं, लाखाची गरज नाही. आणि ६० एचआरसीच्या वर असेल तर कार्बाइडची चकती लवकर दमते, आम्ही एक ईएन-३१ चा बार ६१ ला मारून बघितला, तीन पासात धार पांढरी. तिथे सीबीएनच.

झिजलेल्या टूलने हार्ड टर्निंग केलं तर वरच्या थराला व्हाईट लेयर येतो, ग्राइंडिंगमधल्या बर्नचा भाऊ म्हणा, कडक पण ठिसूळ. काही पार्ट्या नमुना कापून, पॉलिश करून, नायटल (अॅसिडचं द्रावण) लावून मायक्रोस्कोपखाली बघतात. आमच्या रोलरच्या पार्टीने चौदाव्या नगाचा तुकडा तपासला, काही निघालं नाही. तेवढ्या एका नगाचे पैसे दिले नाहीत पण.

तर माझ्याकडून टूलला चार, डीलरला दोन, डेमोला शून्य. जाड, लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी मोकळा आणि साठ एचआरसीच्या खाली असा जॉब महिन्याला पंधरा-वीस नग तरी असेल तर घ्या, आणि घेतानाच बेअरिंग किट सोबत घेऊन कपाटात ठेवा, किंमत त्याच बिलात घासाघीस करून बसवा, नंतर कोणी कमी करत नाही. डेमोला आपलाच जॉब लावायचा, आणि तोही सगळ्यात वाकडा असेल तो.

परवा सेल्सवाल्याचा फोन आला होता, १६ मिलिमीटर चकतीचा लहान होल्डर आलाय म्हणे, बारीक शाफ्टला चालतो, डेमोला येऊ का. मी मामांकडे बघितलं. मामा म्हणले येऊ द्या की, आणि स्क्रॅपच्या ढिगातून तोच ४० चा नक्षीदार शाफ्ट ओढून काढून मशीनपाशी उभा करून ठेवला. शेजारी खिडकीत दोऱ्याचं रीळ आणि एक नट.